घरगुती ऊर्जा लेखापरीक्षण आणि दायित्व विमा : सातारा-सांगलीत नव्याने काम सुरू करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घराचे वीजबिल कशामुळे वाढते आणि ते कसे कमी करता येईल, हे मोजमाप करून सांगण्याचा व्यवसाय करू इच्छिणारे अभियंते, आयटीआय झालेले वायरमन आणि सौर पॅनेलच्या कामातून आलेली मंडळी यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. मी स्वतः साताऱ्यात हे काम करतो. सुरुवातीला मीटर कोणता घ्यावा आणि कॅमेरा कोणता घ्यावा याची चौकशी सगळेच करतात, पण आपल्या सल्ल्यामुळे कोणाचे नुकसान झाले तर ते कोण भरून देणार, हा प्रश्न फार थोडे जण विचारतात. असे नुकसान भरून देण्याची जबाबदारी आपल्यावर आली तर ती पेलणारा विमा म्हणजे दायित्व विमा, म्हणून येथे त्याच प्रश्नाला अधिक जागा दिली आहे.

घरगुती ऊर्जा लेखापरीक्षक नेमके काय करतो?

तो प्रथम मागील १२ महिन्यांची वीजबिले मागतो, कारण एका महिन्याच्या बिलावरून काहीच ठरवता येत नाही. त्यानंतर घरातील जोडभार (सर्व उपकरणांची मिळून वॅटमधील क्षमता), उपकरणांच्या वापराचे तास, क्लॅम्प मीटरने मोजलेला प्रवाह, फ्रिजच्या दाराच्या रबराची अवस्था, गीझरचा थर्मोस्टॅट, पाण्याच्या मोटरीचा खर्च आणि छताखालचे तापमान यांची नोंद करून लेखी अहवाल देतो. माण-खटावच्या कोरड्या उन्हात तापणारी वरच्या मजल्याची स्लॅब आणि महाबळेश्वरच्या पावसाळ्यातील ओल हे एकाच जिल्ह्यातले प्रश्न असले तरी त्यांची उत्तरे वेगळी आहेत, त्यामुळे छापील नमुना सगळीकडे भरून चालत नाही.

नवखे लोक हिशेबात एक चूक हमखास करतात. महावितरणचा घरगुती दर १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर अशा टप्प्यांनी वाढतो. ज्या घराचा वापर ३३० युनिट आहे, त्याची पहिली ३० युनिटे वाचली तर ती तिसऱ्या टप्प्याच्या दराने वाचतात. पुढची युनिटे मात्र त्याहून स्वस्त दराने वाचतात. एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून आलेल्या सरासरी दराने बचत मांडली, तर अहवालातला आकडा चुकतो, आणि ग्राहक उद्या त्याच आकड्यावर बोट ठेवतो.

या कामासाठी परवाना किंवा परीक्षा सक्तीची आहे का?

खाजगी घराचे ऊर्जा लेखापरीक्षण करण्यासाठी परवाना लागत नाही. ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ नुसार सक्तीचे लेखापरीक्षण हे मोठ्या ऊर्जा वापरणाऱ्या नामनिर्देशित उद्योगांसाठी असते आणि ते मान्यताप्राप्त लेखापरीक्षकाकडूनच करून घ्यावे लागते. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिएन्सी, म्हणजे बीईई, घेत असलेली प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षकाची परीक्षा चार पेपरांची असते. अभियांत्रिकी पदवीधराला तीन वर्षांचा आणि पदविकाधारकाला सहा वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो.

तरीही ती परीक्षा द्यावी, असे माझे ठाम मत आहे. विमा कंपनीच्या प्रस्तावात शैक्षणिक आणि व्यावसायिक पात्रतेचा रकाना असतो, आणि वाद झाला तर तुम्हाला हे काम करण्याचे ज्ञान होते का, हाच पहिला प्रश्न येतो. मात्र परीक्षा उत्तीर्ण होण्यापूर्वी स्वतःला ‘प्रमाणित’ म्हणवून घेऊ नये. अशा खोट्या ओळखीवर घेतलेली पॉलिसी दाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही.

दायित्व विमा कायद्याने सक्तीचा आहे का?

नाही. सार्वजनिक दायित्व विमा कायदा, १९९१ या नावामुळे अनेकांचा गोंधळ होतो. तो कायदा घातक रसायने हाताळणाऱ्यांसाठी आहे. भोपाळ दुर्घटनेच्या पार्श्वभूमीवर तो आला आणि घरोघरी जाऊन मीटर लावणाऱ्या व्यक्तीशी त्याचा संबंध नाही.

सक्ती नसली तरी जबाबदारी मात्र असतेच. मोबदला घेऊन दिलेली सेवा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कक्षेत येते. सेवेत उणीव असल्याची तक्रार ग्राहक सातारा किंवा सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे करू शकतो आणि त्यासाठी त्याला वकील लावण्याचीही गरज नसते. तुमची फी दोन हजार रुपये असेल, पण तुमच्या सल्ल्यावर विसंबून त्याने दोन लाख रुपये खर्च केलेले असू शकतात. विम्याचा विचार दोन लाखांच्या बाजूने करावा लागतो.

मग कोणता विमा घ्यावा?

दोन वेगळ्या जोखमी आहेत आणि त्यांच्यासाठी दोन वेगळ्या पॉलिसी आहेत.

कोरेगावच्या एखाद्या जुन्या घरात छताखालचे तापमान पाहण्यासाठी तुम्ही शिडी लावली, ती घसरली, मंगलोरी कौले फुटली आणि खाली उभ्या असलेल्या काकूंच्या खांद्याला मार बसला, तर ते शरीराचे आणि मालमत्तेचे नुकसान झाले. यासाठी सार्वजनिक दायित्व विमा असतो, ज्याला विमा कार्यालयात ‘पब्लिक लायबिलिटी’ म्हणतात. तो मागताना औद्योगिकेतर जोखमीचा मागावा. याउलट, शिडीला हातही न लावता तुम्ही अहवालात चुकीची क्षमता लिहिली, घरमालकाने त्यानुसार खरेदी केली आणि त्याचे पैसे वाया गेले, तर ते सल्ल्यातील चुकीमुळे झालेले आर्थिक नुकसान होय. यासाठी व्यावसायिक दायित्व विमा, म्हणजे ‘प्रोफेशनल इन्डेम्निटी’ लागतो. डॉक्टर, वास्तुविशारद, अभियंते आणि सनदी लेखापाल जो घेतात, तोच हा प्रकार आहे.

अमेरिकेतील माहिती वाचणाऱ्यांना ‘जनरल लायबिलिटी’ आणि ‘एरर्स अँड ओमिशन्स’ असे शब्द भेटतात. ढोबळमानाने पहिला आपल्या पब्लिक लायबिलिटीच्या आणि दुसरा प्रोफेशनल इन्डेम्निटीच्या जवळ जातो, पण अटी तिकडच्या कायद्यानुसार असल्यामुळे तिथला मजकूर इथे लागू आहे असे मानू नये.

पैसे एकाच पॉलिसीपुरते असतील तर कोणती घ्यावी, असे मला विचारले जाते. आपण विकतो ती वस्तू म्हणजे लेखी सल्ला आहे, म्हणून मी प्रोफेशनल इन्डेम्निटी आधी घ्या असे सांगतो. शिडी आणि गच्चीची जोखीम काळजी घेऊन पुष्कळ कमी करता येते. अहवालातील चूक मात्र तो हातातून गेल्यावर दोन वर्षांनीही समोर येऊ शकते.

प्रत्यक्षात कोणत्या चुका महागात पडतात?

सर्वांत वरचा क्रमांक छतावरील सौर पॅनेलचा आहे. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या घरगुती संचाला ७८,००० रुपयांचे केंद्रीय अनुदान असल्यामुळे लोक विचारतात, ‘बसवू का?’ आणि आपण घाईने हो म्हणतो. पण शेजारच्या इमारतीची किंवा नारळाच्या झाडाची सावली डिसेंबरात कुठवर येते, हे मे महिन्यातल्या दुपारी गच्चीवर उभे राहून दिसत नाही, कारण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. पॅनेल एका साखळीत जोडलेली असल्याने एकावर पडलेली सावली संपूर्ण साखळीचे उत्पादन खाली आणू शकते. साताऱ्यातील एका घरी मी अशीच सावली नजरेआड केली होती. अंतिम अहवाल देण्यापूर्वी घरातल्या आजोबांनी ‘थंडीत आमचं वाळवण दहा वाजेपर्यंत सावलीतच असतं’ असे सांगितले, म्हणून ती चूक वेळीच सुधारता आली. तेव्हापासून मी घरातल्या वयस्कर माणसाशी बोलल्याशिवाय गच्चीचा हिशेब पूर्ण करत नाही.

दुसरी चूक पैशांची नसून जिवाची आहे. वायुवीजन नसलेल्या न्हाणीघरात बसवलेला गॅस गीझर कार्बन मोनॉक्साइड साठवतो आणि या वायूला वास नसतो. तुम्ही वीजवापर तपासायला गेला होता, गॅस तुमच्या कामाचा भाग नव्हता, हे खरे. पण तज्ज्ञ म्हणून घरात गेलेल्या माणसाने डोळ्यांसमोरचा धोका सांगितला नाही, असे उद्या म्हटले जाऊ शकते. असा गीझर दिसला की त्याच दिवशी तोंडी सांगावे, लेखी कळवावे आणि पोचपावती घ्यावी, मग अहवालाला आठवडा लागला तरी हरकत नाही.

तिसरी चूक सांगलीकरांना विशेष लागू आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी ज्या घरांत शिरले, तेथे भिंतीतले जोड, सॉकेट आणि अर्थिंग यांच्या स्थितीबद्दल बाहेरून रंगवलेल्या भिंतीवरून मत देणे धोक्याचे आहे. अशा घरी नवा एसी किंवा इंडक्शन शेगडी सुचवण्याआधी वायरिंगची तपासणी परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घ्यावी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, आहे का ते पाहावे, ही अट अहवालात स्पष्ट लिहावी.

बचतीची हमी द्यावी का?

कधीही देऊ नये. करारात स्वतःहून स्वीकारलेली हमी प्रोफेशनल इन्डेम्निटी पॉलिसीत सामान्यतः वगळलेली असते, म्हणजे ‘बिल निम्मे न झाल्यास पैसे परत’ असे लिहून दिले तर ते पैसे विमा कंपनी नव्हे, तुम्ही भरणार.

अंदाज द्यावा, पण त्यामागची गृहीतके उघडी ठेवावीत. उदाहरणार्थ, ७५ वॅटचा जुना पंखा काढून ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या मोटरीचा) पंखा लावला, तो दिवसाला १२ तास आणि वर्षात ३०० दिवस चालला, तर १६२ युनिटे वाचतील आणि युनिटचा दर १० रुपये धरल्यास वर्षाला १,६२० रुपये होतील, असे लिहावे. पंखा सहाच तास चालला तर बचत निम्मी होईल, हेही त्याच ओळीत यावे. गीझरच्या बाबतीत २५ लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांवर नेण्यास सुमारे ०.८७ युनिट लागते हे भौतिकशास्त्र आहे, त्याबद्दल वाद होत नाही. पण त्या घरात रोज किती बादल्या लागतात हा आकडा ग्राहकाने दिलेला असतो, आणि तो त्याने दिला आहे असे नोंदवायला विसरू नये.

‘क्लेम्स-मेड’ पॉलिसी म्हणजे काय?

हे नीट समजून घेतल्याशिवाय सही करू नये. वाहन विम्यात अपघाताच्या दिवशी पॉलिसी चालू होती का, एवढेच पाहिले जाते. प्रोफेशनल इन्डेम्निटीत मात्र दावा दाखल होण्याच्या दिवशी पॉलिसी चालू असावी लागते, आणि ज्या कामावरून दावा झाला ते काम पॉलिसीत लिहिलेल्या पूर्वलक्षी तारखेनंतरचे असावे लागते.

समजा तुम्ही एप्रिल २०२४ मध्ये पहिली पॉलिसी घेतली, जून २०२४ मध्ये कराडच्या एका बंगल्याचा अहवाल दिला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये नोटीस आली. एप्रिल २०२५ मध्ये नूतनीकरण केले असेल तर संरक्षण आहे. नूतनीकरण राहून गेले असेल तर अहवाल दिला त्या दिवशी पॉलिसी असूनही संरक्षण नाही. शिवाय खंड पडल्यावर घेतलेली पॉलिसी नवी मानली जाते, पूर्वलक्षी तारीख पुढे सरकते आणि मागचे सगळे अहवाल उघडे पडतात. कंपनी बदलतानाही जुनी पूर्वलक्षी तारीख कायम ठेवल्याचे नव्या पॉलिसीच्या परिशिष्टात छापून आले आहे का, हे स्वतः वाचावे. एजंटच्या फोनवरील शब्दावर थांबू नये.

विमा रक्कम किती असावी?

तुम्ही ज्या खरेदीबद्दल सल्ला देता, त्यातील सर्वांत महाग वस्तूपासून हिशेब सुरू करावा. घरगुती कामात ती बहुधा सौर संच असते. त्यात वकिलाचा खर्च धरावा, कारण बचावाचा खर्च बहुतेक पॉलिसींत विमा रकमेतूनच जातो, वेगळा मिळत नाही. एकट्याने काम करणाऱ्याने १० लाखांपासून सुरुवात करावी, असे मी सुचवतो. गृहनिर्माण संस्थांची कामे घेतल्यावर ती वाढवावी.

पॉलिसीत एका घटनेची मर्यादा आणि वर्षाची मर्यादा यांचे १:१, १:२ असे गुणोत्तर लिहिलेले असते. १:१ म्हणजे एकाच दाव्यात संपूर्ण रक्कम मिळू शकते, पण पुढे वर्षभर काही शिल्लक राहत नाही. याशिवाय प्रत्येक दाव्यातील ठरावीक रक्कम तुम्हालाच सोसावी लागते. ती फार मोठी असेल तर घरगुती स्वरूपाचे छोटे दावे तुमच्याच खिशातून जातील. हप्त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो धरूनच कंपन्यांच्या दरांची तुलना करावी.

मीच वायरिंग दुरुस्त करून दिले तर चालेल का?

परवाना नसेल तर नाही. विद्युत संचमांडणीचे काम परवानाधारक ठेकेदाराकडून व्हावे लागते, आणि तुमच्या पॉलिसीत व्यवसायाचे वर्णन ‘सल्ला’ असे असेल तर दुरुस्तीतून उद्भवलेला दावा त्यात बसत नाही. महावितरणच्या मीटरच्या सीलला तर कोणत्याही कारणाने हात लावू नये. मीटर जलद फिरतो अशी शंका असेल तर ग्राहकाला मीटर तपासणीचा अर्ज करायला सांगावे.

मदतनीस ठेवला तर?

मदतनिसाला झालेली इजा पब्लिक लायबिलिटीत धरली जात नाही, कारण तो त्रयस्थ नसतो. त्याच्यासाठी कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी वेगळी घ्यावी. तो रोजंदारीवर, ‘ओळखीचा पोरगा’ म्हणून येत असला तरी त्याला शिडीवर चढवणारे तुम्हीच असता. स्वतःसाठी वैयक्तिक अपघात विमाही घ्यावा.

विमा कोठे आणि कसा घ्यावा?

सार्वजनिक क्षेत्रातील न्यू इंडिया, युनायटेड इंडिया, नॅशनल आणि ओरिएंटल या कंपन्या तसेच अनेक खाजगी कंपन्या हे विमे देतात. एजंट कंपनीचा प्रतिनिधी असतो आणि ब्रोकर ग्राहकाचा, हा फरक दायित्व विम्यात महत्त्वाचा ठरतो. प्रस्तावात व्यवसायाचे वर्णन ‘निवासी इमारतींचे ऊर्जा लेखापरीक्षण व सल्ला’ असे पूर्ण लिहावे. केवळ ‘इंजिनिअर’ लिहिल्यास पुढे वादाला जागा राहते. सौर कंपनीकडून कमिशन घेत असाल तर तेही सांगावे, आणि खरे म्हणजे ते घेऊच नये. विमा कायदा, १९३८ च्या कलम ६४ व्हीबी नुसार हप्ता आगाऊ मिळाल्याशिवाय कंपनीवर जोखीम येत नाही, त्यामुळे ‘चेक उद्या देतो’ असे म्हणून आज कामाला जाऊ नये.

ग्राहकाकडून काय लिहून घ्यावे?

एका पानाचे कार्यपत्र पुरेसे असते. त्यात कोणती तपासणी होणार, कोणती होणार नाही, बंद भिंती आणि फॉल्स सीलिंगच्या आतील भाग पाहिलेला नाही, बचतीचे आकडे अंदाज आहेत आणि अहवाल फक्त त्याच कुटुंबासाठी आहे, एवढे आले पाहिजे. छायाचित्रे घेण्याची परवानगीही त्यातच घ्यावी. हे पत्र मराठीत असावे. विट्याच्या यंत्रमाग मालकाला किंवा वाईच्या वाड्यात एकट्या राहणाऱ्या मावशींना न कळणाऱ्या इंग्रजीत अटी लिहून त्यांची सही घेणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही, आणि ती अट त्यांना समजली होती असे आयोगासमोर सांगणेही कठीण जाते.

नोटीस आली तर काय करावे?

विमा कंपनीला त्याच आठवड्यात लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. नोटीस आली नसली, पण ग्राहक चिडून ‘बघून घेतो’ म्हणाला असेल, तरीही ती परिस्थिती कळवून ठेवावी. कंपनीच्या संमतीशिवाय चूक मान्य करू नये आणि पैसेही देऊ नयेत. आपल्याकडे गाव लहान, नातीगोती मध्ये असतात, त्यामुळे ‘जाऊ दे, निम्मे परत देतो’ असे म्हणण्याचा मोह होतो. पण असे परस्पर दिलेले पैसे दाव्यात मिळत नाहीत. ग्राहकाशी सौजन्याने बोलावे, त्याचे म्हणणे लिहून घ्यावे आणि मूळ मोजमापांच्या नोंदी आहेत तशा जपाव्यात. नंतर त्यात एक अक्षरही बदलू नये.

कंपनीने दावा नाकारला तर?

प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. एक महिन्यात उत्तर न आल्यास किंवा उत्तर समाधानकारक नसल्यास पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येते. सातारा आणि सांगली त्यांच्याच अधिकारक्षेत्रात आहेत. एकल मालकी आणि सूक्ष्म उद्योगांच्या पॉलिसींच्या तक्रारीही तेथे घेतल्या जातात आणि शुल्क लागत नाही. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत जावे लागते.

व्यवसायाची नोंदणी कोणती लागते?

उद्यम नोंदणी विनामूल्य आहे आणि ती करून घ्यावी. कामगारांची संख्या कमी असल्यास दुकाने व आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना देणे पुरते. व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये आहे. सेवांची उलाढाल २० लाखांपर्यंत असल्यास सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही.

काम बंद केले तर पॉलिसीही बंद करावी का?

लगेच करू नये. ग्राहक आयोगात तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांपर्यंत तक्रार करता येते आणि दिवाणी दाव्यासाठी सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. क्लेम्स-मेड पॉलिसी बंद केल्यावर शेवटच्या वर्षातील अहवालांना संरक्षण उरत नाही. म्हणून नोकरी लागली, गाव बदलले किंवा निवृत्ती घेतली, तरी शेवटच्या अहवालानंतर किमान तीन वर्षे नूतनीकरण चालू ठेवावे आणि बिलांच्या प्रती, मोजमापांची वही, छायाचित्रे व सह्या केलेली कार्यपत्रे त्याहून थोडा अधिक काळ सांभाळावीत. नूतनीकरणाच्या वेळी काम थांबवल्याचे कंपनीला कळवावे. नव्या कामाची जोखीम नसल्याने हप्ता कमी करून मागण्यास तेव्हा आधार मिळतो.